या आठवड्याची माती

प्रिय दादा,

कागदावर लिहिते आहे म्हणून दचकू नकोस. फोन केला तर तो तुझी सेक्रेटरी उचलते आणि सर मीटिंगमध्ये आहेत, असं मला, तुझ्या सख्ख्या बहिणीला, सांगते. ईमेल पाठवलं तर ते तुझ्याआधी वकील वाचतो. म्हणून हे पाकीट चिकटवून वहिनीच्या हातात देणार आहे. तू वाचून संपवेपर्यंत ती समोरून उठणार नाही, असं तिनं कबूल केलंय, तेव्हा सुटका नाही. आणि तुला ताटकळत ठेवायचं नाही म्हणून उत्तर आधीच देऊन टाकते: नाही. गेल्या शनिवारची पोस्ट मी काढणार नाही. ती 'वैयक्तिक गैरसमजातून' लिहिली गेली असं म्हणणाऱ्या तुझ्या त्या कागदावर सोमवारी सकाळी सहीही करणार नाही. सही नाही तर कंपनीत जागा नाही, हे तळाशी बारीक अक्षरात छापलंय, तेही वाचलं. बारीक अक्षरं आधी वाचायची सवय मला तूच लावलीस.

पोस्ट तू पूर्ण वाचली नसणार. कुणीतरी तुला त्यातली चार वाक्यं पिवळी करून दिली असतील. म्हणून काय घडलं ते पुन्हा एकदा, सरळ सांगते. आपलं ॲप लोकांना घरच्या आजारी माणसाच्या औषधांची आठवण करून देतं. बाकी त्यावर आपण कितीही झालरी लावल्या तरी काम एवढंच. काही गोळ्या रोज घ्यायच्या नसतात, एक दिवसाआड घ्यायच्या असतात. त्या हॉस्पिटलवाल्यांना ॲप दाखवायचा दिवस तोंडावर आला होता आणि नेमकी ही सोय तयार नव्हती. तू, मी आणि आपला डिझाइनर, तिघं पांढऱ्या फळ्यासमोर उभे होतो. तू म्हणालास, सोपं करू, विषम तारखेला वाजवायचं, सम तारखेला गप्प बसायचं, रस्त्यावरच्या पार्किंगच्या पाटीसारखं. आपण हसलो, मी टाइप केलं, चहा गार व्हायच्या आत काम झालं. एकतीस विषम आणि त्याच्या दुसऱ्या दिवशी येणारी एक तारीखही विषम, हे तीन शिकल्यासवरल्या डोक्यांपैकी एकातही आलं नाही. मुलं मुठीच्या उंचवट्यांवर महिन्यांचे दिवस मोजतात ना, त्या इयत्तेतली चूक. एकतीस तारखेला गोळी घेतलेल्या माणसांना आपण दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा घंटी वाजवून सांगितलं, गोळी घ्या. त्यांनी घेतली. कारण आपण सांगितलं होतं.

दोनशेच्या वर घरं, दादा. आणि मी लिहिलं ते एवढंच, की एक दिवसाआडच्या गोळीची आठवण आम्ही सलग दोन दिवस दिली, कुठल्या दोन दिवशी दिली, कशी दिली. ज्यांच्या घरी अशी गोळी आहे त्यांनी डॉक्टरांना हे सांगा, आपल्या मनानं काहीही बंद करू नका, आणि घरात कुणावर खापर फोडलं असेल तर ते काढून घ्या, कारण चूक तुमची नाही, आमची आहे. यात मसाला कुठे आहे? उचलली जीभ लावली टाळ्याला, असं तू मला सगळ्यांसमोर म्हणालास. मी ते सहा वेळा लिहून खोडलं होतं, हे तुला कोण सांगणार.

वर त्याचं शीर्षकही तुला झोंबलं म्हणे. 'या आठवड्याची माती' हे कंपनीला शोभत नाही. अरे, पण ते शीर्षक कुणाचं? ॲपमधल्या आपल्या गप्पांच्या कट्ट्यावर तेव्हा जेमतेम चाळीस माणसं होती, ऑफिस म्हणजे तुझ्या भाड्याच्या खोलीतलं इस्त्रीचं टेबल होतं, आणि एका सकाळी कुणालाच घंटी गेली नाही. तू त्या चाळीस जणांना लिहिलंस: मंडळी, आज आम्ही माती खाल्ली. सर्व्हर बंद पडला तेव्हा मी गाढ झोपलो होतो आणि फोन उशीखाली होता. यापुढे फोन डोक्याशी राहील आणि दर शनिवारी त्या आठवड्यात खाल्लेली माती इथे लिहिली जाईल. मला वाटलं, झालं, आता चाळीसचे चार राहतील. पण लोकांनी तुला डोक्यावर घेतलं. सासूबाईंची सेवा करणारा तो 'जावईबापू' लिहून गेला की माझ्या आयुष्यात पहिल्यांदा कुणी चुकलं आणि मला फोनवर ताटकळत न ठेवता ते कबूल केलं. तेव्हापासून शनिवारी लोक आपली माती वाचायला येतात, जसे काही जण पेपरात आधी शब्दकोडं उघडतात. तू मोठा झालास, तुला केबिन मिळाली, आणि शनिवारचं लिखाण माझ्याकडे आलं. मी फक्त तुझी रीत चालवली. हं, आता तुला ती रीत नको असेल तर तसं म्हण. पण मी काही नवीन खूळ काढलं असं म्हणू नकोस.

ही चूक मला सापडली तेव्हा मी धावत तुझ्या केबिनमध्ये आले होते, तो दिवस आठव. पुढच्या महिन्याच्या तारखा घालून बघत होते आणि जुन्या नोंदी पडताळताना पायाखालची जमीन सरकली. तू मात्र शांत. खुर्ची मागे रेलून म्हणालास, ते का, ते मी दोन तारखेलाच नीट केलं, एका मेंबरची तक्रार आली होती, स्वतः बसून केलं बरं का. वर हसलासही. इतक्या वर्षांनी हातानं कोड लिहिल्याचा तुला आनंद झाला होता आणि खरं सांगू, एक क्षण मलाही झाला. मग मी विचारलं, आणि लोकांना कधी सांगितलं? त्यावर तू माझ्याकडे असं पाहिलंस जणू मी शिंकले. म्हणालास, कशाला? आता बरोबर वाजतंय ना.

तिथे आपलं बिनसलं. पोस्टमुळे नाही.

त्यानंतर तू ती शब्दांची बाई बोलावलीस. बाई वाईट नाही, माझ्याशी गोड बोलली, पण तिनं लिहिलेलं निवेदन तू एकदा मोठ्यांदा वाच. 'मोजक्या सदस्यांना वेळापत्रकात किरकोळ विसंगती जाणवली असण्याची शक्यता आहे.' जाणवली असण्याची शक्यता! म्हणजे चूक झाली की नाही ते नक्की नाही, झाली असली तरी ती जाणवणाऱ्याची. त्या अख्ख्या वाक्यात चुकणारा माणूस कुठेच नाही. ते वाक्य इतकं गुळगुळीत आहे की त्यावरून माशीसुद्धा घसरेल. मी तिला विचारलं, बाई, तुमच्या घरी कुणी तुमच्या पायावर पाय दिला आणि म्हणालं की तुम्हाला किरकोळ विसंगती जाणवली असण्याची शक्यता आहे, तर तुम्ही काय कराल? ती हसली. मग म्हणाली, मला हे लिहायचेच पैसे मिळतात. तिच्यात निदान एवढा खरेपणा होता.

तुझं म्हणणं मी ऐकलंच नाही असं मात्र म्हणू नकोस. तू म्हणालास, आजारी माणसाच्या घरात आधीच धाकधूक असते, त्यात आपण आणखी भर का घालायची. म्हणालास, घाबरून कुणी औषधच बंद केलं तर त्याचं पाप कुणाच्या माथी. हा मुद्दा खोटा नाही. पोस्टनंतर एका आजोबांनी खरोखर गोळ्या ड्रॉवरमध्ये टाकून कुलूप लावलं. त्यांच्या सुनेनं कट्ट्यावर लिहिलं, मी तिला फोन केला, तिनं डॉक्टरांना केला, डॉक्टरांनी आजोबांना झाडलं. गोळी पुन्हा सुरू झाली. भीती दिली तर तिच्यामागे धावायची तयारी ठेवावी लागते, हे मी त्या दिवशी शिकले. पण यातून न बोलण्याची सवलत कशी निघते ते मला कळत नाही. आणि झाकली मूठ सव्वा लाखाची, हे तू कुठल्या तोंडानं म्हणालास? त्या मुठीत लोकांच्या गोळ्या आहेत. नुसती आपली अब्रू नाही.

हो, लोक चिडले. काही जण सोडून गेले. 'रात्रपाळी' म्हणून ती जी नर्सबाई आहे, आपल्या आईला सांभाळून ड्यूटी करते, तिनं मला जे काही सुनावलंय ते या कागदावर लिहिण्यासारखं नाही. मी तिला लिहिलं, तुमचं बरोबर आहे. तिनं लिहिलं, बरोबर आहे म्हणून सुटाल का? मी लिहिलं, नाही सुटणार. मग तिनं विचारलं, आता एक दिवसाआड कसं मोजताय ते नीट समजावा. मी समजावलं, शेवटच्या गोळीपासून मोजतो, तारखेकडे बघत नाही. तिनं त्यातली आणखी एक फट दाखवली: एखाद्या दिवशी गोळी चुकलीच तर पुढे काय? चांगली फट होती, दादा. बुजवली. ती अजून कट्ट्यावर आहे, अजून चिडलेली आहे, आणि मला ती अशीच हवी आहे. हॉस्पिटलवाले मागे हटले म्हणून तू माझ्यावर डाफरलास. पण आपली चूक आपण स्वतःहून सांगतो म्हणून ज्यांना आपण नको आहोत, त्यांच्या पेशंटांना आपण घंटी वाजवावी असं मला वाटत नाही. हे बोलायला सोपं आहे, पगार तुला द्यावे लागतात, हे मान्य. पण तेवढंच मान्य.

आणखी एक गोष्ट. एका बाईंच्या नवऱ्याच्या दंडांवर निळे डाग दिसत होते. तो आपटत असेल, धडपडत असेल, म्हणून त्या त्याला रागावत होत्या. पोस्ट वाचून डॉक्टरकडे गेल्या, रक्त तपासलं, गोळी काही दिवस थांबवली, आता ठीक आहे. आपला डिझाइनर म्हणाला, हे दादांना सांग, याच्यापुढे त्यांचं काही चालणार नाही. मी मुद्दाम सांगितलं नव्हतं. तो माणूस ठणठणीत असता, दोनशे घरांत कुणाच्या केसालाही धक्का लागला नसता, तरी मी तेच लिहिलं असतं. लोकांनी आपल्या घरातला सगळ्यात नाजूक माणूस आपल्या हवाली केलाय. त्यांच्या शरीरात काय गेलं हे आपल्याला ठाऊक आणि त्यांना नाही, असं एक दिवसही चालणार नाही. एवढं साधं आहे हे. यासाठी शब्दांची बाई लागत नाही.

घरचं लिहिते. तू पंधरा दिवसांत तिकडे फिरकला नाहीस, तुझा राग माझ्यावर आहे की घरावर कोण जाणे. बाबा बरे आहेत. हॉस्पिटलमधून आल्यापासून आवाज बारीक झालाय, पण बातम्यांवर खेकसणं सुरू झालंय, म्हणजे तब्येत सुधारतेय. नाकातून पुन्हा रक्त आलं नाही. सकाळी गॅलरीत बसतात, खालच्यांची मांजर मांडीवर घेतात आणि कुणी बघितलं की ढकलून देतात. आई मात्र आईसारखी राहिली नव्हती. गोळ्यांची डबी तिनं खालच्या मजल्यावरच्या काकूंकडे देऊन टाकली होती. रोज सकाळी काकू वर येऊन बाबांच्या हातावर गोळी ठेवत आणि आई स्वयंपाकघरात पाठ करून उभी राहत असे. जन्मभर टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काम केलेली बाई, कधी कुणाला चुकीचा नंबर जोडून दिला नाही, ती आता दुधाच्या पिशवीवरची तारीख मला वाचायला लावत होती. गॅस बंद केला का म्हणून जिन्यातून परत वर जायची. मी एकदा म्हटलं, अगं किती वेळा बघशील, तर म्हणाली, माझा आता भरवसा नाही.

हे कुठून आलं ते तुला माहीत आहे. तीन तारखेला बाबांना ॲडमिट केलं, डॉक्टर बाहेर येऊन म्हणाले की रक्त पातळ करणारी गोळी जास्त झालेली दिसते, आणि तू कॉरिडॉरमध्ये, त्या प्लॅस्टिकच्या खुर्च्यांसमोर, दोन अनोळखी कुटुंबांच्या देखत आईवर ओरडलास. एक गोळी नीट देता येत नाही का तुला, असं म्हणालास. ती म्हणाली, अरे, ॲपनं सांगितलं तशीच दिली. तर तू म्हणालास, मग तू बघण्यात चुकलीस. मी तिची बाजू घेतली नाही, कारण तेव्हा मला खरंच वाटलं की आई चुकली.

आता मी हे पत्र का लिहिलं ते सांगते. पोस्टवरून भांडायला मला पत्र लागलं नसतं, ते मी तुझ्या केबिनचं दार ढकलून केलं असतं. शनिवारी पोस्ट टाकायच्या आधी मी आईकडे गेले. ती कट्टा रोज वाचते, लिहीत नाही, वाचते. तिला हे स्क्रीनवर कळू नये, असं वाटलं. भाजी निवडत होती. मी समोर बसून सगळं सांगितलं, एकतीस आणि एक, विषम आणि विषम. ती रडली नाही, चिडली नाही. हात पुसले, चपला घातल्या, खाली गेली आणि काकूंकडून डबी घेऊन वर आली. मग डबी मांडीवर ठेवून मला विचारलं, दादाला हे कधी कळलं? दोन तारीख माझ्या अगदी जिभेवर होती. दोन तारखेला तू ते स्वतःच्या हातानं नीट केलंस आणि तीन तारखेला तिच्यावर ओरडलास. ओरडताना तुझ्या लक्षात आलं नसेल, मला मनापासून वाटतं की घाबरून ओरडलास. पण नंतर? इतके दिवस तुझ्या लक्षात आलंच नाही, हे मी मानणार नाही, तू मला फार हुशार भाऊ म्हणून माहीत आहेस. मी आईला म्हटलं, ते तोच सांगेल. दोनशे अनोळखी घरांना मी तोंडावर खरं सांगितलं, पण माझ्या आईला ही तारीख सांगितली नाही, तुझ्यासाठी. तिनं पुन्हा विचारलेलं नाही. पण मी गेले की माझ्या मागे दाराकडे बघते, तू आहेस का म्हणून. तू मला सोमवारपर्यंतची मुदत दिलीस, मी तुला रविवार संध्याकाळची देते. ये. निवेदन आणू नकोस, वकील आणू नकोस, विसंगती म्हणू नकोस. तिच्यासमोर बस आणि म्हण, आई, तू चुकली नव्हतीस, आणि मला ते माहीत होतं. आला नाहीस तर सोमवारी सकाळी मी आधी तिच्याकडे जाईन आणि मग ऑफिसला.

तुझीच,
धाकटी